गच्चीवरची जादा खोली: वजन जातं कुठे?

दिवाळी सरली की बडोद्यात लग्नपत्रिका येऊ लागतात आणि त्यांच्या मागोमाग सोसायट्यांत विटा-रेतीचे ढीग पडू लागतात. पावसाळा गेलेला असतो, कडिया मोकळा असतो, आणि घराघरात एकच विषय निघतो. कुणाच्या मुलाचं लग्न ठरलेलं असतं, कुणाची सून घरून काम करणार असते, कुणाच्या आईला जिना चढवत नाही. कारण काहीही असो, ठराव ठरलेला: "अगाशीवर एक खोली काढून घेऊ," नाहीतर "मागच्या मोकळ्या जागेत एक खोली वाढवू." मागच्या लेखात इन्व्हर्टरच्या बॅटरीबद्दल लिहिलं होतं, त्यावर आलेल्या उत्तरांतही बॅटरीपेक्षा या जादा खोलीबद्दलच जास्त विचारणा होती. म्हणून या महिन्यात तोच विषय.

आधीच सांगतो, माझी बीई कॉम्प्युटरची आहे, सिव्हिलची नाही. खाली जे गणित आहे ते शाळेतल्या गुणाकाराचं आहे. ते वाचून स्वतः बांधकाम ठरवू नका. पण स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलवायचं की नाही, आणि बोलावल्यावर त्याला काय विचारायचं, एवढं त्यातून नक्की कळेल.

घर कशावर उभं आहे?

नवीन खोलीचा रंग, खिडकी, एसीचा पॉइंट हे सगळं आपण पहिल्या दिवशी ठरवतो. पहिला प्रश्न मात्र वेगळाच हवा: या खोलीचं वजन जमिनीपर्यंत कोणत्या वाटेने जाणार? स्लॅबचं वजन बीमवर किंवा भिंतीवर येतं, तिथून कॉलमवर, मग पायावर आणि शेवटी मातीत. या साखळीतली एक कडी कच्ची असेल, तर बाकीच्या कड्या कितीही मजबूत असून उपयोग नाही. माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर जुन्या प्रणालीला नवीन मॉड्यूल जोडताना ते कशाकशावर अवलंबून राहणार, हे आधी बघावं लागतं. घराचंही तसंच आहे. फरक एवढाच की इथे बिघडलं तर मागच्या आवृत्तीवर परत जाता येत नाही.

आपल्याकडे साधारण तीन तऱ्हेची घरं आहेत. शहराच्या जुन्या भागातल्या पोळांमधली लाकडी खांब-तुळयांची घरं, त्यानंतरच्या काळातली नऊ इंची विटांच्या भिंतींवर स्लॅब टाकलेली टेनामेंट्स, आणि अलीकडची आरसीसी कॉलम-बीमच्या सांगाड्याची घरं. दुसऱ्या प्रकारात भिंत हाच खांब असतो, तर तिसऱ्या प्रकारात भिंत बहुतेक वेळा नुसता पडदा असते. बाहेरून दोन्ही घरं सारखीच दिसतात. म्हणून "शेजाऱ्यांनी केलं, आपणही करू" हा हिशेब फसवा असतो. शेजाऱ्यांच्या घरात कॉलम असतील आणि तुमच्या घरात नसतील. घराचा मूळ नकाशा आणि रजाचिठ्ठी कपाटातून शोधून काढणं, हे या कामाचं पहिलं पाऊल.

१० बाय १२ चा हिशेब

आता एक साधी खोली घेऊ: १० बाय १२ फूट, उंची ९ फूट, साडेचार इंची विटांच्या भिंती आणि वर पाच इंची स्लॅब.

आरसीसी काँक्रीटचं वजन घनमीटरला सुमारे २५०० किलो असतं. १२० चौरस फूट म्हणजे साधारण ११ चौरस मीटर. पाच इंच जाडीने त्या स्लॅबचं वजन होतं जवळजवळ साडेतीन टन. छज्जा काढलात तर तो वेगळा. विटांची भिंत दोन्ही बाजूंच्या प्लॅस्टरसकट धावत्या फुटाला सव्वादोनशे किलोच्या घरात जाते. चारही बाजू मिळून ४४ फूट. दार-खिडक्या वजा केल्या तरी साडेआठ टन राहतात. खाली कोबा आणि लाद्या घातल्या की आणखी सव्वा टन. बेरीज झाली १३ टनांच्या वर. एक छोटी मोटार ८०० किलोची धरली तर सोळा मोटारी. त्यावर हजार लिटरची टाकी ठेवली की आणखी एक टन. कपाट, पलंग आणि माणसं अजून यायचीच आहेत.

दुसरीकडे, माणसांचा वावर असलेल्या गच्चीवर दर चौरस मीटरला १५० किलो एवढा वापराचा भार धरावा, असं आपलं भारतीय मानक सांगतं. म्हणजे तेवढ्याच जागेवर सुमारे पावणेदोन टन. कोजागरीला सगळं मंडळ गच्चीवर जमलं तरी चालेल, असा तो आकडा आहे. सोळा मोटारी उभ्या करण्यासाठी तो नाही.

"पण वर खोली काढायची म्हणून आम्ही सळ्या बाहेर काढून ठेवल्यात," असं बरेच जण म्हणतात. कॉलमच्या डोक्यावर उभ्या राहिलेल्या सळ्यांवरून घर बांधणाऱ्याची इच्छा कळते, खालचा पाया किती मजल्यांचा आहे ते कळत नाही. शिवाय वीस-पंचवीस पावसाळे उघड्यावर काढलेली सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे भोवतीचं काँक्रीट फुगून फुटतं. त्या सळ्यांना नवीन सळ्या बांधून पुढे जाण्याआधी त्या किती उरल्यात, हे पाहावंच लागतं.

मधली भिंत गेलेली असते

माझ्या काकांचं टेनामेंट १९८३ सालचं. चुलत भावाचं लग्न ठरलं, तेव्हा वर खोली काढायचं नक्की झालं. कडिया ओळखीचा होता. त्याने पावलांनी गच्ची मोजली आणि म्हणाला, "दीड महिन्यात चावी हातात देतो." काकांना स्लॅबचीच खोली हवी होती. पत्र्याची खोली म्हणजे पाहुण्यांसमोर लाज, असं त्यांचं मत. गाडी अडली ती काकूच्या एका प्रश्नावर. ती म्हणाली, "वर एवढं ठेवणार, आणि खाली मी झोपणार ना?"

मग स्ट्रक्चरल इंजिनियर आला. त्याने दोन ठिकाणी प्लॅस्टर खरवडलं, रिबाउंड हॅमरने काँक्रीट ठोकून पाहिलं आणि नकाशा मागितला. घरात कॉलम नव्हतेच, सगळं नऊ इंची भिंतींवर. नकाशात हॉल आणि स्वयंपाकघराच्या मध्ये एक भिंत होती. प्रत्यक्षात ती नव्हती. काही वर्षांपूर्वी हॉल मोठा करताना ती काढून तिथे बीम टाकला होता आणि तो फक्त त्या स्लॅबपुरताच होता. नवीन खोलीची एक भिंत बरोबर त्याच बीमवर येणार होती. म्हणजे सव्वादोनशे किलो फुटाची भिंत आणि वरचा अर्धा स्लॅब, हे सगळं त्या एका बीमच्या माथ्यावर.

ही गोष्ट सांगितली, कारण ती घरोघरी आहे. आपण घर एकदाच बांधत नाही. तीस-चाळीस वर्षं थोडं थोडं बदलत असतो. कुणी भिंत काढतं, कुणी संडासाचा पाइप बीममधून आरपार नेतं, कुणी एसीसाठी कॉलमचा कोपरा फोडतं. प्रत्येक बदल सुटा पाहिला तर निभावून जातो. घर बांधताना ताकदीची थोडी शिल्लक ठेवलेली असते आणि प्रत्येक जण तिच्यातून थोडं थोडं काढत राहतो. या खात्याचं पासबुक मात्र कुणीच ठेवत नाही. २०१७ च्या जुलैमध्ये मुंबईत घाटकोपरला चार मजली इमारत कोसळून १७ माणसं गेली. तिथे तळमजल्यावर नूतनीकरणाचं काम चालू होतं आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. खालच्या मजल्यावरचा बदल आणि वरच्या मजल्यावरचं वजन ही एकाच हिशेबाची दोन टोकं आहेत.

काकांच्या घरी शेवटी खोली झाली, पण जागा बदलली. चारही भिंती शाबूत असलेल्या मागच्या बेडरूमवर ती घेतली आणि हलक्या बांधणीची केली. तिच्याबद्दल पुढे सांगतो.

बाल्कनी आणि गच्चीवरची बाग

खोली काढायची नसेल तर लोक बाल्कनी आत घेतात. यात धोका जास्त आणि तो दिसतो कमी. बाल्कनी एका बाजूनेच धरलेली असते, म्हणून तिच्या मुख्य सळ्या स्लॅबच्या वरच्या भागात असतात. बांधतानाच मजुरांच्या पायांखाली त्या दबून खाली गेल्या असतील, तर ताकद तेव्हाच घटलेली असते.

चार फूट बाहेर आलेल्या बाल्कनीच्या टोकावर साडेचार इंची भिंत उभी केली, तर ती एकटी भिंत बाल्कनीला जेवढं खाली वाकवते, ते स्लॅबचं स्वतःचं वजन, लाद्या आणि वर उभी माणसं या सगळ्यांच्या एकत्र परिणामापेक्षा जास्त असतं. कारण वजन टोकावर आहे. भरलेली बादली अंगाशी धरणं आणि हात लांब करून धरणं यात जो फरक, तोच इथे. बाल्कनी बंद करायचीच असेल तर ॲल्युमिनियमच्या चौकटी आणि काच यापलीकडे जाऊ नये, आणि तेही इंजिनियरला विचारून.

बागेचंही तसंच. ओली माती घनमीटरला १८०० किलोच्या आसपास भरते. गच्चीवर एक फूट मातीचा वाफा केला तर चौरस मीटरला ५४० किलो झाले, म्हणजे वर सांगितलेल्या १५० च्या साडेतीन पटींपेक्षा जास्त. कोकोपीट आणि कंपोस्टचं हलकं मिश्रण वापरा. कुंड्या खालच्या भिंतींच्या रेषेवर मांडा, स्लॅबच्या मधोमध नको. आणि पाणी साठू देऊ नका. आपल्याकडे गच्चीवर चायना मोझेक असतं. त्याच्या सांध्यांतून मुरलेलं पाणी सरळ सळ्यांपर्यंत पोचतं.

मागच्या मोकळ्या जागेतली खोली

जमिनीवरच बांधतोय, मग काळजी कसली, असं वाटतं. पण आपल्या भागात बऱ्याच ठिकाणी काळी माती आहे. उन्हाळ्यात ती आक्रसते, तिच्या भेगांत बोटं जातात. पावसाळ्यात ती फुगते. दरवर्षीची ही उघडझाप वरच्या काही फुटांत सर्वांत जास्त असते. दोन फूट खोल पायावर उभी केलेली खोली या मातीबरोबर वर-खाली होत राहते. या मातीसाठीच रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तळाशी फुगवटा असलेल्या अंडर-रीम्ड पाइल्सची पद्धत विकसित केली. त्या साधारण साडेतीन मीटर खाली, जिथे माती फारशी हलत नाही तिथे, जाऊन घट्ट बसतात. प्रत्येक खोलीला त्या लागतीलच असं नाही, पण पाया किती खोल हवा, हे माती पाहूनच ठरवावं लागतं.

दुसरी गोष्ट सांध्याची. जुनं घर चाळीस वर्षांत जेवढं बसायचं तेवढं बसलं. नवीन खोली आता बसायला सुरुवात करणार. दोन्ही एकमेकांत घट्ट बांधली, तर सांध्यावर तिरकी भेग येणारच. मग दर दिवाळीला पुट्टी भरा, दर पावसाळ्यानंतर ती पुन्हा दिसेल. अशा वेळी बहुधा खोली स्वतःच्या पायावर, स्वतःच्या खांबांवर उभी करून मध्ये फट ठेवणं चांगलं. त्या फटीत लवचीक सीलंट भरायचं आणि वरून पट्टी झाकायची. जुन्या भिंतीत नुसत्या खाचा मारून नवीन स्लॅब टेकवणं, ही आपल्याकडची सगळ्यात प्रचलित आणि सगळ्यात त्रासदायक पद्धत आहे.

तिसरी गोष्ट खोदकामाची, आणि हीच सर्वांत धोक्याची. जुन्या भिंतीला लागून, तिच्या पायापेक्षा खोल असा लांबच लांब चर एकदम खणला, तर पायाखालच्या मातीचा बाजूचा आधार निघून जातो. त्यात अवकाळी पाऊस आला आणि चर भरला, की माती घसरते आणि वरची भिंतही तिच्याबरोबर येऊ शकते. खणायचंच असेल तर एका वेळी तीन-चार फुटांचे तुकडे, एक सोडून एक, आणि आधीचा भरल्यावरच पुढचा. खणण्याआधी जमिनीतली पाण्याची टाकी, गटाराचं चेंबर आणि जुना शोषखड्डा कुठे आहे, ते घरातल्या ज्येष्ठांना विचारून घ्या. नकाशात नसलेल्या गोष्टी त्यांना माहीत असतात.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी कुठवर आलं होतं, ते ज्यांनी पाहिलं त्यांना जोत्याच्या उंचीबद्दल वेगळं सांगायला नको. मागची जागा बांधून काढताना पाणी निघून जायची वाटही बुजत नाही ना, तेवढं पाहा.

हलकी खोली, पण घट्ट धरलेली

काकांकडे केलेली खोली अशी: पोलादी चौकोनी पाइपांचा सांगाडा, भिंती आणि छत पफ पॅनेलचं, आतून सिमेंट बोर्ड. सगळं मिळून वजन दोन टनांच्या आत. खांब बरोबर खालच्या भिंतींच्या माथ्यावर. काकांना पटवायला वेळ लागला. पण उन्हाळ्यात वरची खोली खालच्या हॉलपेक्षा थंड राहते, हे कळल्यावर तेच आता येणाऱ्या-जाणाऱ्याला वर नेऊन दाखवतात. विटांसारखीच भिंत हवी असेल तर एएसी ब्लॉक आहेत. त्यांचं वजन विटांच्या साधारण एक तृतीयांश असतं.

हलक्या खोलीचा शत्रू म्हणजे वारा. भारतीय मानकात बडोद्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. त्या वेगाला १० बाय १२ च्या छपराला वर ओढणारा जोर एक टनाच्या आसपास जाऊ शकतो. छपराचं स्वतःचं वजन त्याच्या पाव भागाएवढंही नसेल. म्हणून खांब कशाला आणि कसे बांधलेत, यावर सगळं अवलंबून असतं. विटांच्या कठड्यात चार बोल्ट मारून भागत नाही. आणि स्लॅबमध्ये बोल्ट मारले तर प्रत्येक भोकाचं वॉटरप्रूफिंग नीट करावं लागतं.

"मी पन्नास खोल्या काढल्यात"

हे वाक्य प्रत्येक कडिया म्हणतो आणि ते खरंही असतं. त्याच्या हातात कसब आहे, त्याच्याशिवाय आपलं काम होणार नाही. पण त्या पन्नास खोल्यांची परीक्षा अजून झालेली नसते. रोज दहा जण वापरतात तोवर कोणतंही सॉफ्टवेअर उत्तम चालतं. २६ जानेवारी २००१ ला भूकंप कच्छमध्ये झाला, पण तिथून सुमारे २५० किलोमीटरवरच्या अहमदाबादेत अनेक बहुमजली इमारती पडल्या आणि शेकडो माणसं गेली. आदल्या दिवसापर्यंत त्या सगळ्या "उभ्याच" होत्या. भूकंपाचा जोर वजनाच्या प्रमाणात येतो, आणि तेच वजन जेवढं उंचावर तेवढं ते घराला जास्त हलवतं. गच्चीवरचे १३ टन म्हणूनच तळमजल्यावरच्या १३ टनांसारखे नसतात.

परदेशातलंही एक उदाहरण आहे. २९ जून १९९५ रोजी दक्षिण कोरियात सोलमधलं साम्पूंग डिपार्टमेंट स्टोअर कोसळलं आणि ५०२ माणसं मेली. मूळ आराखड्यात नसलेला पाचवा मजला नंतर चढवला होता आणि छतावर एसीची जड यंत्रं होती. त्या दिवशी सकाळी छताला मोठ्या भेगा दिसल्या होत्या. तरी दुकान चालूच ठेवलं.

भेग हा घराने दिलेला निरोप असतो. प्लॅस्टरवरच्या केसाएवढ्या रेघांनी घाबरू नका. पण तिरकी, एका टोकाला रुंद होत जाणारी भेग, अचानक घट्ट बसू लागलेलं दार, स्लॅबच्या मध्यावर आलेला झोल, हे हसण्यावारी नेऊ नका. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा, शेजारी नाणं धरून फोटो काढा, महिन्याने पुन्हा काढा. वाढत असेल, किंवा ५ मिलिमीटरपेक्षा रुंद असेल, तर इंजिनियरला लगेच बोलवा.

आणि एक. आपल्याकडे विनापरवानगी बांधकाम नियमित करून घेण्यासाठी इम्पॅक्ट फीचा कायदा आहे. ती भरली की कागद नियमित होतो, बीम जाड होत नाही.

काम देण्याआधी हे विचारा

१. माझं घर भिंतींवर उभं आहे की कॉलमवर? हे कशावरून ठरवलंत?

२. नवीन खोलीचं एकूण वजन किती, आणि ते कोणकोणत्या भिंतींवर किंवा कॉलमवर येणार?

३. त्या भिंती खाली पायापर्यंत सलग आहेत का? मध्ये कुठे काढल्यात का?

४. जुन्या पायाची खोली आणि रुंदी खड्डा खणून पाहिली का?

५. जुनं आणि नवं बांधकाम जोडणार की फट ठेवणार? का?

६. सळ्यांचा तपशील दाखवणारा, सहीचा नकाशा मिळेल का? स्लॅब भरण्याआधी सळ्या पाहायला तुम्ही स्वतः याल का?

७. रजाचिठ्ठीत ही खोली बसते का?

सहाव्या प्रश्नावर अडून बसा. स्लॅब भरल्यावर आतलं काही दिसत नाही. सही करणारा आणि सळ्या मोजणारा माणूस एकच असला, तर अर्धी चिंता मिटते. इंजिनियरची फी देताना हात आखडतो, हे मला ठाऊक आहे. पण तेवढीच रक्कम आपण फॉल्स सीलिंगच्या नक्षीवर सहज घालवतो.

आपल्यापैकी बऱ्याच जणांची घरं आजोबांनी पै-पै जोडून बांधली आहेत. त्यांत खोल्या वाढवायला हव्यातच, माणसं वाढली की घरानेही वाढावं. फक्त वीट येण्याआधी नकाशा बाहेर काढा आणि खालच्या खोलीत कोण झोपतं, ते आठवा.

पुढच्या महिन्यात गच्चीवरच्या सोलर पॅनेलबद्दल. कुणी बसवली असतील तर वीजबिलं जपून ठेवा, हिशेब करू.